ऐतिहासिक वास्तूची ऑनलाइन सफर: आधी नकाशा, मग कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा: घरबसल्या ऐतिहासिक ठिकाणं पाहावीत म्हणून आठ-दहा व्हर्च्युअल टूर उघडल्या, पण प्रत्येक वेळी दहा मिनिटांत कंटाळा आला. चित्रं धूसर दिसली आणि दुसऱ्या दिवशी काहीच आठवलं नाही. आता पैसे भरून लाइव्ह टूर घ्यावी, की हा प्रकारच सोडून द्यावा?

सोडू नका. कंटाळ्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: बाण दिसला की दाबायचा, खूण दिसली की उघडायची. प्रत्यक्ष वास्तूत पाय चालतात, मान वळते, जिना चढताना दम लागतो. त्यामुळे दरवाजा कुठे मागे राहिला, छत किती उंच आहे, हे न विचारताच कळत राहतं. पडद्यावर कॅमेरा एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारतो आणि मधलं अंतर गळून पडतं. अंतर, दिशा आणि आकारमान या तीन गोष्टी पाहणाऱ्याने स्वतः भरून काढायच्या असतात. त्या भरल्या की वास्तू मनात उभी राहते. नाही भरल्या, तर सुट्या चित्रांचा ढीग उरतो आणि ढीग लक्षात राहत नाही.

टिपलेली, मोजलेली की रचलेली?

टूर उघडल्यावर ती यातल्या कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा.

टिपलेली टूर म्हणजे ३६० अंशांची छायाचित्रं. तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने एका जागेवरून चहूकडचं टिपलेलं असतं. दिसतं ते खरंच असतं, पण त्याला खोली नसते. प्रत्यक्षात आपण जरा बाजूला सरकलो की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून हललेली दिसते, इथे तसं होत नाही. म्हणून भिंतीवरची नक्षी कोरलेली आहे की नुसती रंगवलेली, हे एका चित्रातून अनेकदा कळत नाही. यावर सोपा उपाय आहे. शेजारच्या बिंदूवर जा आणि तिथून त्याच नक्षीकडे पाहा. कडेमागचा भाग कमी-जास्त झाकला गेला असेल तर उठाव आहे, जसाच्या तसा राहिला असेल तर सपाट रंगकाम.

मोजलेली टूर लेझर स्कॅन किंवा फोटोग्रामेट्रीवर उभी असते. लेझर स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूचं अंतर मोजलेलं असतं. फोटोग्रामेट्रीत वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या शेकडो छायाचित्रांवरून आकार काढतात. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलचं स्कॅनिंग कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी २०१० साली केलं. पन्नासहून अधिक जागी यंत्र ठेवून त्यांनी एक अब्जाहून जास्त बिंदू मोजले. १५ एप्रिल २०१९ ला तिथे आग लागली तेव्हा जुनी वास्तू नेमकी कशी होती याचा तो मोलाचा पुरावा ठरला. गिझा इथल्या राणी मेरेसांख तिसरी हिच्या थडग्याची टूर याच जातीची आहे. इजिप्तच्या पर्यटन व पुरातत्त्व मंत्रालयाने ती एप्रिल २०२० मध्ये खुली केली. अशा टूरमध्ये खालच्या कोपऱ्यात बाहुलीघरासारखं दृश्य आणि तळनकाशा यांची बटणं असतात. बनवणाऱ्याने सोय चालू ठेवली असेल तर मोजपट्टीही मिळते. आत शिरण्याआधी बाहुलीघर उघडा. पूर्ण वास्तू छप्पर उचलल्यासारखी बाहेरून दिसते आणि पुढचा सगळा गोंधळ तिथेच वाचतो.

रचलेली टूर म्हणजे नाहीशा झालेल्या वास्तूची संगणकावरची पुनर्रचना. ही दिसायला सगळ्यात देखणी असते, म्हणूनच तिच्याकडे सर्वांत सावधपणे पाहायचं. उत्खननात पाया आणि भिंतींचा खालचा भाग सापडतो, छप्पर क्वचित. त्यामुळे पुनर्रचनेत नजर जसजशी वर जाते तसतसा पुरावा कमी आणि अंदाज जास्त, हे धरून चाला. रंग, पडदे आणि माणसांचे कपडे यांनाही हेच लागू. कोणता भाग पुराव्यावर आधारलेला आहे आणि कोणता अनुमानाने भरला आहे, हे पाहणाऱ्याला सांगितलं पाहिजे, असं २००६ मध्ये तयार झालेली लंडन सनद, म्हणजे वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेसाठीची तत्त्वं, सांगते. चांगल्या टूरमध्ये ही माहिती मिळते. ती कुठेच नसेल तर समोरचं दृश्य एक सुंदर चित्र म्हणून पाहा, त्यातून इतिहास काढू नका.

कधीकधी दोन जाती एकत्र येतात. ॲम्स्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या लपण्याच्या घरात प्रत्यक्ष गेलात तर खोल्या रिकाम्या दिसतात, कारण त्या तशाच ठेवाव्यात ही तिचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा होती. संग्रहालयाच्या ऑनलाइन सफरीत मात्र त्याच खोल्या सामानासह दिसतात. दोन्ही रूपं खरी आहेत, दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. सामान दिसलं की दाटी कळते, रिकामी खोली पाहिली की तिथून नेल्या गेलेल्या माणसांची उणीव.

चित्र कधीचं आहे?

याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये चित्रणाचा महिना आणि वर्ष पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. संगणकावर जुन्या तारखा पाहण्याचीही सोय बऱ्याच ठिकाणी आहे. नोत्रदामचं चित्रण २०१९ च्या आधीचं असेल तर भिंती काळवंडलेल्या दिसतील. डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा उघडली तेव्हाचं असेल तर तोच दगड उजळ दिसेल. इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये २०२० पासून पुन्हा नमाज सुरू झाला आणि जमिनीवर गालिचे अंथरले गेले. संगमरवरी फरशी सलग पाहायची असेल तर त्याआधीचं चित्रण शोधावं लागतं. म्हणजे जुनी टूर टाकाऊ नसते. आज प्रत्यक्ष जाऊनही न दिसणारं काही तिच्यात असू शकतं.

नकाशा कुठून आणायचा आणि कसा वापरायचा

वास्तू जागतिक वारसा यादीत असेल तर युनेस्कोच्या संकेतस्थळावर तिचं स्वतंत्र पान असतं. वरचा परिच्छेद वाचून बहुतेक जण परततात. त्याच पानावर कागदपत्रांचा आणि नकाशांचा विभाग असतो. तिथे नामांकनाचा मूळ प्रस्ताव आणि तज्ज्ञ संस्थेचं मूल्यमापन फुकट मिळतं. प्रस्तावात बहुधा हद्दीचे नकाशे, वास्तूचा इतिहास, दुरुस्त्या आणि आजचे धोके दिलेले असतात. इजिप्तमधल्या राजांच्या दरीतल्या थडग्यांसाठी थीबन मॅपिंग प्रोजेक्टने केलेले आराखडे आहेत, गिझाच्या पठारासाठी हार्वर्ड विद्यापीठाचा डिजिटल गिझा प्रकल्प. इतर ठिकाणी वास्तूच्या नावासमोर ‘तळनकाशा’ हा शब्द तिथल्या स्थानिक भाषेत लिहून शोधा. इटालियन, फ्रेंच किंवा तुर्की भाषेत शोधलं की जे सापडतं ते इंग्रजीत शोधून अनेकदा सापडत नाही.

नकाशा समोर आला की कागदावर हाताने त्याची ढोबळ नक्कल काढा. सुबक नको, पाच मिनिटं पुरतात. प्रवेशद्वार कुठे, उत्तर कुठे, एवढ्या दोन खुणा हव्यातच. मग टूर तीन फेऱ्यांत पाहा.

पहिली फेरी दहा मिनिटांची. एकही माहितीची खूण उघडायची नाही. दारातून आत, शेवटच्या टोकापर्यंत, आणि त्याच वाटेने परत. परत येणं महत्त्वाचं, कारण येताना वास्तूची दुसरी बाजू दिसते आणि दिशा पक्क्या होतात. प्रत्येक थांब्यावर आधी मागे वळून आलेली वाट पाहा, मग छत, मग जमीन. समोरची भिंत सगळ्यात शेवटी. समोरचं कोणीही पाहतो.

दुसरी फेरी कागद हातात घेऊन, साधारण वीस मिनिटांची. तुम्ही उभे आहात तो बिंदू नकाशावर मांडा. खिडक्या कोणत्या दिशेला, खांब किती, कुठला दरवाजा बंद आहे आणि त्यामागे काय असावं? टूर जिथे जाऊ देत नाही ती जागा कागदावर तिरप्या रेघांनी भरा. ही रेघांची जागा फार बोलकी असते. कधी तिथे दुरुस्ती चालू असते, कधी कॅमेऱ्याला परवानगी नसते, तर कधी नाजूक भाग जपलेला असतो.

तिसऱ्या फेरीत एकच तपशील निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा. मेरेसांखच्या थडग्यात उत्तरेकडच्या दालनात खडकात कोरलेल्या दहा स्त्रिया ओळीने उभ्या आहेत. त्यांची उंची डावीकडून उजवीकडे कशी बदलते, कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवून आहे, एवढंच पाहिलं तरी दहा मिनिटं कमी पडतात. माहितीच्या खुणा आता उघडा. आधी डोळ्यांनी पाहिलेलं असलं की वाचलेलं चिकटतं.

एका बैठकीला एवढंच. चाळीस मिनिटांपुढे डोळे पडद्यावर असतात, लक्ष नसतं.

आकारमान का फसतं

ऑनलाइन टूरमध्ये खोल्या असतात त्याहून मोठ्या भासतात. बहुतेक टूर सुरुवातीलाच खूप रुंद दृश्य दाखवतात. ते सपाट पडद्यावर बसवताना कडा ताणल्या जातात आणि समोरची भिंत लांब गेल्यासारखी दिसते. दोन-तीन टप्पे झूम करा, कडेचे खांब सरळ आणि नेहमीच्या जाडीचे दिसू लागतील, आणि मग अंतराचा अंदाज घ्या. उलट, गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या रस्त्यांवर भिंती आणि कमानी ठेंगण्या वाटतात, कारण तो कॅमेरा माणसाच्या डोळ्यापेक्षा बराच वर असतो.

मापासाठी चित्रातला माणूस शोधा. प्रौढ माणूस १.७ मीटरच्या आसपास धरला आणि त्याच्याच शेजारचा खांब त्याच्या किती पट आहे हे मोजलं तर उंची ढोबळमानाने हाती येते. माणूस नसेल तर पायरी बघा, पण जपून. आजच्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटीमीटर उंच असते, जुन्या वास्तूंत ती खूप जास्तही असू शकते. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावर हा सराव जरूर करा. तिथल्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. तीन मीटरचा एक मजला धरला तर चौदा मजली इमारत आत मावेल. हा आकडा मनात घेऊन पुन्हा जमिनीवरच्या माणसाच्या ठिपक्याकडे पाहिलं की चित्र एकदम बदलतं.

उजेडही फसवतो. अंधाऱ्या दालनात कॅमेरा एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाची अनेक छायाचित्रं घेतो आणि ती एकत्र करतो. त्यामुळे थडगी, तळघरं आणि गुहा लख्ख दिसतात. तपशील वाचायला हे उत्तम, पण ती दालनं घडवणाऱ्यांनी दिव्याच्या हलत्या उजेडात काम केलं आणि पाहणाऱ्यांनी तसंच पाहिलं. पडद्याची चमक अगदी कमी करून, खोलीतला दिवा मालवून एकदा तेच दालन पाहा. पँथिऑनमध्ये झरोक्यातून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर भिंतीवरून फिरतो, चित्रात मात्र तो एकाच जागी गोठलेला असतो. वेगवेगळ्या वेळी टिपलेली दोन-तीन चित्रणं शोधून शेजारी-शेजारी ठेवली तरच त्या वास्तूतला उजेडाचा खेळ कळतो.

धूसर का दिसतं

तीन कारणं असतात.

पहिलं म्हणजे घाई. चित्र लहान तुकड्यांनी येतं, आधी ढोबळ आणि मग बारीक. वळून थांबल्यावर तीन-चार सेकंद हलू नका. सारखं फिरवत राहिलात तर बारीक तुकडे येण्याआधीच नवे मागवले जातात आणि सगळं कायम धूसर राहतं.

दुसरं कारण यंत्रातलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याची सोय) बंद असेल तर त्रिमितीय टूर अडखळते किंवा काळा पडदा दिसतो. ते चालू करून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडा, इतर टॅब मिटवा. फोनवर ३६० अंशांचा व्हिडिओ ब्राउझरमध्ये कधीकधी ताणलेल्या सपाट पट्टीसारखा दिसतो, तो ॲपमध्ये उघडला की नीट फिरतो.

तिसऱ्या कारणावर उपाय नाही, पण ते समजून घ्यायला हवं. आठ हजार पिक्सेल रुंदीचं ३६० अंशी चित्र घेतलं तर एका अंशाच्या वाट्याला सुमारे २२ पिक्सेल येतात. निरोगी डोळ्याला एका अंशात साधारण ६० पिक्सेलइतका तपशील दिसू शकतो. चार मीटरवरच्या भिंतीवर एक अंश म्हणजे सुमारे ७ सेंटीमीटर. म्हणजे एक पिक्सेल ३ मिलिमीटरचा झाला आणि २ सेंटीमीटर उंचीचं अक्षर सहा-सात पिक्सेलांत संपलं. असा शिलालेख कितीही झूम केला तरी वाचता येणार नाही. ‘फोर के’ म्हणून येणाऱ्या ३६० अंशी व्हिडिओत तर अंशाला ११ पिक्सेलसुद्धा पडत नाहीत, म्हणून तो सर्वोच्च दर्जावर ठेवूनही मऊ दिसतो. तिथे नेटला दोष देऊ नका.

लेख किंवा बारीक कोरीव काम पाहायचं असेल तर टूर सोडा आणि त्या एका वस्तूचं त्रिमितीय मॉडेल शोधा. स्केचफॅबसारख्या संकेतस्थळांवर अनेक संग्रहालयांनी अशी मॉडेलं ठेवली आहेत. तिथे मॉडेल इन्स्पेक्टर उघडून रंग काढून टाका आणि मॅटकॅप हा, सगळ्या पृष्ठभागाला एकसारखी छटा देणारा पर्याय निवडा. दगडावरचे डाग, शेवाळ, रंगाचे पोपडे नाहीसे होतात, निव्वळ आकार उरतो आणि झिजलेली अक्षरं वर येतात. मग मॉडेल सावकाश तिरपं फिरवा. तिरप्या कोनातून उथळ कोरीव काम सर्वांत स्पष्ट दिसतं.

वेरूळचं कैलास लेणं किंवा इथिओपियात लालिबेला इथलं सेंट जॉर्ज चर्च यांसारख्या वरून खाली खोदलेल्या वास्तूंसाठीही मॉडेल किंवा आकाशातून घेतलेलं चित्रण आधी पाहा. अंगणात उभं राहून टिपलेल्या चित्रात ती बांधलेली वाटते. कड्यावरून पाहिलं की भोवतीचा खंदक दिसतो आणि ती खडकातून सोडवून काढली आहे हे उमगतं.

लाइव्ह टूर आणि कार्यक्रम

आता पैसे भरण्याचं. घ्यावी, पण वास्तू एकदा स्वतः पाहून झाल्यावर. लाइव्ह टूरचा खरा फायदा म्हणजे कॅमेरा वळवायला सांगता येतो, आणि कुठे वळवायचा हे आधी पाहिलेलं असेल तरच सुचतं.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. चित्रण थेट आहे की आधी रेकॉर्ड केलेलं? आतल्या भागात थेट चित्रणाची परवानगी आहे का? अनेक वास्तूंत ती नसते, आणि जाड दगडी भिंतींत किंवा जमिनीखाली मोबाइलची रेंजही राहत नाही. त्यामुळे आतला भाग छायाचित्रांवरून दाखवतात. यात गैर काही नाही, फक्त ते आधी कळायला हवं. तिसरं, माणसं किती? पंधरा-वीस जणांपर्यंत प्रश्न तोंडी विचारता येतात. शंभर असतील तर ते व्याख्यान झालं, आणि व्याख्यान असेल तर ते कुणाचं आहे ते पाहा. उत्खनन किंवा जतनाचं काम केलेल्या माणसाचं साध्या स्लाइडवरचं व्याख्यान चकचकीत टूरपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातं. चौथं, रेकॉर्डिंग मिळेल का आणि किती दिवस?

वेळेची चूक फार होते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. मधल्या दिवसांत नेहमीचा हिशेब तासाने चुकतो. तिथली वेळ शहराच्या नावाने शोधून आपल्या वेळेशी ताडून पाहा. तिथला सूर्योदय-सूर्यास्तही बघा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी सपाट होतं.

दीड तासाच्या टूरला २ एमबीपीएसच्या वेगाने सुमारे १.३५ जीबी डेटा लागतो, तेवढी सोय ठेवा. फोन चार्जरवर, कानाला इअरफोन, आपला माइक बंद. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि ते नेमके असू द्या. ‘या वास्तूचं वैशिष्ट्य काय’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर मिळतं. ‘या भिंतीतला नवा दगड कोणता, जरा जवळ दाखवाल का’ असं विचारलं की मार्गदर्शक स्वतःही खुलतो.

फुकट आणि चांगले कार्यक्रम वर्षातल्या ठरावीक दिवसांभोवती गोळा होतात: १८ एप्रिल हा स्मारकं आणि स्थळांचा आंतरराष्ट्रीय दिवस, १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, आणि सप्टेंबरातले युरोपीय वारसा दिवस. एरवी बंद असलेले भागही तेव्हा ऑनलाइन दाखवले जातात. या तारखांच्या तीन आठवडे आधी आवडत्या संग्रहालयांची पानं चाळा, मर्यादित जागा लवकर भरतात.

घरच्या किंवा मित्रांच्या गटाला टूर दाखवायची असेल तर स्क्रीन शेअर करून फिरवत बसू नका, समोरच्यांना ती झटक्याझटक्याने दिसते. दुवा सगळ्यांना पाठवा, प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर उघडावी आणि बोलणं कॉलवर चालू ठेवावं. शेअर करणं भागच असेल तर झूममध्ये शेअर करताना आवाज आणि व्हिडिओ क्लिपसाठीचे दोन्ही पर्याय निवडा आणि अगदी हळू वळा. व्हीआर चष्मा वापरत असाल तर फिरत्या खुर्चीत बसा, सरकत जाण्याऐवजी उडी मारून जाण्याचा पर्याय घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबा. मळमळ सुरू झाल्यावर रेटलं तर ती तासभर राहते.

सुरुवात कुठून करावी

जिथे प्रत्यक्ष जाणं सामान्य पाहुण्याला शक्यच नाही तिथून. आदिमानवाच्या चित्रांची फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली. पाहुण्यांच्या श्वासाने आणि उजेडाने चित्रं बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. तशीच फ्रान्समधली शोवे गुहा १९९४ मध्ये सापडली आणि ती कधी उघडलीच नाही. दोन्हींच्या ऑनलाइन सफरी फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाने केल्या आहेत. मूळ गुहेच्या आत नजर टाकायचा आपल्यापुढचा मार्ग हाच आहे, म्हणून तिथे ‘प्रत्यक्ष पाहिलं असतं तर’ ही हुरहुर राहत नाही आणि नजर चित्रांवर स्थिर होते.

पाहून झाल्यावर कागदाच्या मागे चार ओळी लिहा: वास्तूचं नाव, टूर कुणी बनवली, चित्रण कधीचं, तुम्ही कधी पाहिलं. सोबत दोन-तीन स्क्रीनशॉट ठेवा. टूर कायम टिकत नाहीत. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे ब्राउझरमध्ये चालणारं जुनं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा त्यावर बनलेल्या असंख्य जुन्या टूर एका फटक्यात उघडेनाशा झाल्या. दुवा मेला तर त्याचा जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. त्रिमितीय भाग बहुधा चालणार नाही, पण मजकूर, नकाशे आणि छायाचित्रं बरेचदा मिळतात.